टरफलांचा मारा

आमच्या ह्यांना एकच डोळा आहे. म्हणजे दिसायला दोन आहेत, पण डावा नावापुरता. लहानपणी विटीदांडू खेळताना विटी लागली आणि त्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. लग्न ठरवताना सासूबाईंनी हे लपवलं नाही, पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं, आणि मीही मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "एक आहे ना, मग झालं." त्या वयात माणूस काहीही बोलतं. संसाराला लागल्यावर कळलं, की त्या एका डोळ्याची राखण आता जन्मभर मलाच करायची आहे.

त्यात ह्यांचा धंदा मोटर वाइंडिंगचा. कुणाचा विहिरीवरचा पंप जळतो, कुणाचा मिक्सर, कुणाचा पंखा. तो खोलायचा, आतली जळकी तार उपसून काढायची आणि केसासारखी बारीक नवी तार वेढे मोजत भरायची. दिवा जवळ ओढून, मान वाकडी करून, उजवा डोळा अगदी मोटरीच्या पोटात घालून हे बसतात. तार तुटली की टोक उडतं. मी दुकानात डबा घेऊन गेले की जेवणाआधी चष्म्याची चौकशी करते, आणि चष्मा नेहमी खिळ्याला लटकलेला असतो.

मला सगळ्याचीच भीती. कढईतल्या मोहरीची, फटाक्यांची, मासे साफ करताना उडणाऱ्या खवल्यांची, नारळ सोलताना निसटणाऱ्या लोखंडी सुळ्याची. माझ्या अंगावर काही उडालं तर मी फडक्यानं पुसते आणि कामाला लागते. ह्यांच्या बाजूला काही उडालं की माझं काळीज तोंडात येतं. हे हसतात. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," म्हणतात, "आणि माझ्यापाठी तू." मला अशा वेळी हसू येत नाही, राग येतो. डोळा ह्यांचा, आणि घाबरायचं काम तेवढं माझ्याकडे.

तर गाडीची गोष्ट. गाडी माझ्या बाबांची. गोल पाठीची, चार दारांची, जुन्या घडणीची. बाबांनी ती गणपतीपुळ्याला येणाऱ्या लोकांसाठी भाड्यानं चालवली, आणि सवड मिळाली की मला सड्यावर नेऊन शिकवली. सड्यावर नुसता कातळ, आपटायला झाडसुद्धा नाही. बाबा गेल्यावर भावाचा मुंबईहून फोन आला, "तुला हवी तर ने, नाहीतर भंगारात घालतो." मी आणली. आणली खरी, पण पुढे काही झालं नाही. परसात पत्र्याच्या शेडखाली ती वर्षानुवर्षं उभी राहिली. आमच्याकडची हवा खारी. रंगाखाली फोड आले, फोडांखाली गंज. दाराच्या खालच्या कडेवर बोट दाबलं की लाल भुगा पडायचा. घरातली रोजची गाडी मीच चालवते, ह्यांनी लायसन कधी काढलंच नाही, त्यामुळे बाबांच्या गाडीकडे बघून हळहळायचं कामही माझंच होतं.

गेल्या दिवाळीनंतर एकदा चहा पिता पिता हे म्हणाले, "ती गाडी उभी करू या. तुझ्यासाठी. बाबांनी आणली तेव्हा होती तशी."

मी विरघळले. माणूस इतक्या वर्षांनी असं काही बोलला तर कोण विरघळणार नाही. मग भानावर येऊन विचारलं, "जुना रंग कसा काढणार?"

"मारा करून," हे म्हणाले, आणि मोबाइल माझ्या पुढ्यात धरला. कुठल्यातरी देशातला एक माणूस अंतराळवीरासारखा पोशाख करून गाडीवर नळी धरून उभा होता. कॉम्प्रेसरच्या जोरानं बारीक कण पत्र्यावर फेकायचे, म्हणजे रंग, पुट्टी, गंज सगळं झडून जातं आणि खालचा पत्रा उघडा पडतो. मला त्यातलं एवढंच ऐकू आलं, की कण जोरानं फेकायचे. जे जोरानं फेकतात ते उलटंही येतं. चहा तिथेच गार झाला.

मी नको म्हटलं असतं तर हे थांबले असते का? नसते. मला माहीत होतं. म्हणून मी ठरवलं, मारा होणारच असेल तर कशाचा व्हायचा ते मी बघणार.

पहिल्यांदा आम्ही बंदराकडच्या यार्डात गेलो. तिथे लोखंडी बोटी दुरुस्तीला वर काढतात आणि त्यांच्या तळाला मारा करतात. ते कण काळे, काचेच्या खड्यांसारखे धारदार. नमुन्याला म्हणून आम्ही गाडीच्या डिकीचं झाकण नेलं होतं. यार्डातल्या मिस्त्रीनं डोक्यावर टोप चढवला, सगळं तोंड झाकणारा, पुढे काच आणि पाठीमागून श्वासाला हवेची नळी. आम्हाला लांब उभं राहायला सांगितलं. मी राहिले. हे कुठले राहतात? कसं निघतंय ते बघायला वाकत वाकत पुढे गेले. काळे कण पत्र्यावरून उडून बोटीच्या अंगावर ताडताड वाजत होते. मी धावत जाऊन ह्यांचा शर्ट मागून धरला आणि ओढला, तो काखेत फाटला. चार लोकांनी बघितलं. बघू देत.

झाकणाचा रंग निघाला, पण पत्रा मधोमध पापडासारखा फुगला. मिस्त्री टोप काढून म्हणाला, "ताई, बोटीचा पत्रा जाड असतो. हा म्हणजे बिस्किटाचा डबा. ह्याला माझा माल चालायचा नाय." मला आतून इतकं बरं वाटलं, की मी त्याला चहाचं आमंत्रणच देणार होते.

मग वाळूचं निघालं. खाडीची वाळू चाळून, सुकवून घरच्या घरी करू, असं ह्यांच्या मनात. त्यावर मात्र मी पुरी उखडले. वाळूची धूळ छातीत बसते आणि माणूस आयुष्यभर खोकतो, हे त्या मिस्त्रीनंच सांगितलं होतं. शिवाय खाडीच्या वाळूत मीठ, म्हणजे आज साफ केलेला पत्रा उद्या रंगाखाली पुन्हा कुजायला मोकळा. "वाळूचं एक घमेलं जरी ह्या परसात आलं तर मी माहेरी जाईन," मी म्हटलं.

"माहेरी आता कोण आहे?"

"कुलूप आहे. ते उघडून बसेन."

कोल्हापूरला अशी कामं करणारे कारखाने आहेत असं कळलं. पण गाडीचा सांगाडा ट्रकवर चढवून घाटापलीकडे न्यायचा, आणि नागडा पत्रा घेऊन पुन्हा समुद्राकडे यायचं, तर रंगाचा हात लागेपर्यंत त्याला गंजाची लव येणार. आणि खरं कारण निराळंच होतं. ह्यांना ते काम स्वतः करायचं होतं. सोड्याचाही मारा करतात, भज्यात घालतो त्याच जातीचा सोडा, फक्त जाडसर. तो रंग तेवढा काढतो, पत्र्याला धक्का लावत नाही, पण गंजाला हलवत नाही. "सोड्यानं काय होणार? गाडी धुवायची आहे की फुलवायची आहे?" असं म्हणून ह्यांनी तो निकालात काढला.

आणि मग आक्रोड. आक्रोडाच्या टरफलांचा भुगा करून मारतात असं ह्यांनी मोबाइलवर बघितलं. रंग निघतो, पत्रा तापत नाही, वाकत नाही, आणि काचेला ओरखडासुद्धा येत नाही. हे शेवटचं वाक्य ह्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. "काचेला काही होत नाही, मग डोळ्याला काय होणार?"

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. इतके दिवस घशाशी आलेला जीव जरा खाली उतरला. प्रश्न एवढाच, की रत्नागिरीत आक्रोडाची टरफलं आणायची कुठून? इथे आक्रोड प्रसादालाही मोजून मिळतात.

हे म्हणाले, "काजूची आहेत ना. डोंगर पडलेत."

आमच्याकडे काजूचे कारखाने खंडीभर. त्यांच्या मागे टरफलांचे ढीग असतात, बेकरीवाले भट्टीला नेतात. ह्यांच्या एका मित्राचा असाच कारखाना आहे. पण काजूच्या टरफलात तेल असतं, आणि ते तेल अंगाला लागलं की कातडी भाजते, फोड येतात. आम्ही त्याला काजू उतला असं म्हणतो. लहानपणी मे महिन्यात परसात काजू भाजताना आम्हा सगळ्यांनाच कुठे ना कुठे उतलेला आहे. मी लगेच म्हटलं, "काजू उतेल हो."

"तेल काढून घेतलेली टरफलं देणार आहे तो. तेल विकलं जातं त्याचं. उरतो तो नुसता कोंडा. बेकरीतली माणसं उघड्या हातानं भट्टीत टाकतात."

तरी मी अडून बसले. तेव्हा ह्यांनी मूठभर अख्खी टरफलं आणली, माझ्यासमोर दंडावर चोळली, वरून फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी सोडून दाखवलं. काही नव्हतं. लालीसुद्धा नाही. मीही मनगटाला चोळून बघितली. काही नाही. वाळूपेक्षा हे शंभर पटीनं बरं असं आम्ही दोघांनी ठरवलं, आणि मित्रानं कारखान्यातच टरफलं भरडून, चाळून पोती घरी पाठवली. कोकणातल्या माणसाला फुकटचं काही सापडलं की तो जगातलं सगळं त्याच्यात बसवून बघतो, त्यातलीच ही गत.

मग एके दिवशी सकाळी परसात कॉम्प्रेसर सुरू झाला. ह्यांनी तोंडाला पंचा गुंडाळला, डोळ्यांवर गॉगल चढवला, मी तो मागून आणखी घट्ट केला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. खिडकी बंद, काचेतून बघणं. डाळ शिजली का जळली, देव जाणे.

रंग असा निघाला की काय सांगू. पुढच्या दारावरचा फिक्कट रंग झरझर झडत गेला, त्याच्याखाली बाबांच्या वेळचा पहिला हिरवा रंग आला, मग तोही गेला आणि स्वच्छ करडा पत्रा निघाला. ना पापड, ना पोचा. हे नळी बंद करून माझ्याकडे वळले आणि हात वर करून नाचल्यासारखं केलं. मीही काचेआडून हसले. आत घामानं गॉगल धुरकटला होता, म्हणून ह्यांनी तो कपाळावर सरकवला आणि बाहीनं डोळा पुसला.

मी खिडकी उघडून ओरडले, "चष्मा खाली करा आधी." आणि उघड्या खिडकीतून वास आत आला. काजू भाजताना येतो तो. क्षणभर छान वाटलं, लहानपणीचं परस आठवलं. दुसऱ्या क्षणी खटकलं. तेल काढलेल्या टरफलाला भाजल्या काजूचा वास का यावा?

मी तशीच धावत बाहेर गेले आणि कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. "तेल आहे त्यात. भरडल्यावर आत मुरलेलं सुटलंय. वास घ्या." ह्यांनी वास घेतला, हात बघितले, दंड बघितला. काही नव्हतं. "एवढं दार पुरं करतो," म्हणाले. मी करू दिलं नाही. सरळ नळीवर पाय देऊन उभी राहिले. खोबरेल तेलानं ह्यांचं तोंड, मान, हात पुसले, डोळ्यात गार पाणी मारलं, न्हाऊ घातलं, कपडे मी हातानं धुतले. संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळानं मी ह्यांचं तोंड उजेडाकडे करून बघत होते. काही नाही. हे मला चिडवत जेवले, दोन वेळा भात घेतला आणि झोपले. मलाही वाटलं, वाचलो.

काजू लगेच उतत नाही, हे मला कळायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला संध्याकाळ नीट गेली की तेवढंच पुरतं.

सकाळी मी चूल-चहाचं बघत होते. खोलीतून ह्यांची हाक आली, "अजून उजाडलं नाय का गो?"

बाहेर लख्ख ऊन होतं. ह्यांच्या खाटेवर उशीपर्यंत ऊन आलं होतं.

मी दारात जाऊन उभी राहिले. चेहरा ओळखू येत नव्हता. कपाळ, पापण्या, गाल, सगळं सुजून एक झालं होतं, आणि उजव्या डोळ्याच्या जागी नुसती एक रेघ, तिच्यातून पाणी गळत होतं. हे बोटांनी ती रेघ चाचपत होते. मी कशीबशी म्हटलं, "उजाडलंय. सूज आलीय तोंडावर. हात लावू नका." माझा आवाज मलाच परका वाटला. ह्यांनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला, शाळेतलं मूल ठेवतं तसा.

रोजची गाडी काढताना मला स्टिअरिंग धरवेना. कपडे धुतलेल्या माझ्या हातांनाही बोटांच्या पेरांत फोड धरले होते. दोन्ही हातांना ओले रुमाल गुंडाळून मी गाडी चालवली. रस्त्यात हे एकदाच बोलले. "कुठे आलो?" मी सांगितलं. पुढच्या वळणावर पुन्हा विचारतील म्हणून मी आपणहूनच सांगत राहिले, आता नाका आला, आता उतार, आता शाळा. गप्प राहिले असते तर रडू फुटलं असतं, आणि रडून गाडी चालवता येत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणी चिमट्यानं जेमतेम वर केली, दिवा धरला. ह्यांनी दात आवळले. डॉक्टर म्हणाल्या, बुबुळावर ओरखडे आहेत आणि वरचा थर धुरकट झालाय. तो सूज आणि पाण्यामुळे आहे की आत भाजलंय, ते पापणी आपोआप उघडेपर्यंत सांगता येणार नाही. थेंब दिले, गोळ्या दिल्या, रोज यायला सांगितलं. आत भाजलं असेल तर कोल्हापूर किंवा मुंबई. मी विचारलं, "आणि तिथे काय करतात?" त्या म्हणाल्या, "आधी बघू या." डॉक्टर 'बघू या' म्हणाले, की माणसाच्या तोंडचं पाणी पळतं.

मग ते दिवस. मी ह्यांना हात धरून मोरीत न्यायची, पडवीत बसवायची. बांगड्याचे काटे काढून घास भरवायची. भरवताना ह्यांचं तोंड घास यायच्या आधीच उघडायचं किंवा घास आल्यावर मिटायचं. दुकानात लोकांचे पंप पडून होते. परसात ती गाडी उभी होती, एका दाराचा पत्रा उघडा, बाकी रंगीत, आणि त्या उघड्या पत्र्यावर खाऱ्या हवेनं केव्हाच केशरी छटा चढली होती. मी तिच्याकडे बघून तिला वाट्टेल ते बोलले. बाबांच्या गाडीला. शेजारच्या काकी डोकावून गेल्या.

ह्या सगळ्यात हे शांत होते. मला त्याचाच राग येत होता. एका दुपारी थेंब घालताना मी म्हटलंच, "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? मी इथे मरतेय रोज."

ह्यांनी गालावर ओघळलेला थेंब पुसला. मग म्हणाले, "रोज सकाळी जाग आली की मी डोळा लगेच उघडत नाही. जरा थांबतो. उघडला आणि काळोखच असला तर, म्हणून."

"आता, आजारात?"

"लहान होतो तेव्हापासून. विटी लागली तेव्हापासून."

इतकी वर्षं मी शेजारी झोपले आणि मला हे माहीत नव्हतं. "मग हसत काय होतात इतकी वर्षं?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा. "मला भित्री म्हणून चिडवत काय होतात?"

"तू घाबरायचं काम चांगलं करत होतीस," हे म्हणाले. "दोघंही घाबरलो असतो तर घर कोणी चालवलं असतं?"

मी थेंबाची बाटली झाकण न लावताच खाली ठेवली आणि ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. ह्यांच्या बंद डोळ्यातूनही पाणी येत होतं, पण ते आधीपासूनच येत होतं, त्यामुळे कोण किती रडलं ते सांगता येणार नाही.

पापणी हळूहळू उघडली. आधी उजेड-काळोख, मग खिडकीचे गज, मग मी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आत भाजलेलं नाही, ओरखडे भरतायत, थोडा धुरकटपणा राहील कदाचित, पण नजर वाचली. मी देवळात जाऊन नारळ फोडला, आणि फोडायला एकटी गेले, ह्यांना घरी ठेवून. करवंटीचा टवका उडतो.

आता सगळं संपलं असं मला वाटलं. पण बरा झाला तो माणूस निराळा होता. फोडणीच्या वेळी हे उठून पुढच्या खोलीत जाऊन बसू लागले. दुकानात गेले की न सांगता चष्मा लावायचे, आणि चष्मा लावूनही मोटरीत वाकायचे नाहीत, हातभर लांबूनच चाचपायचे. एका बाईचा मिक्सर न खोलताच परत दिला. वारा सुटला की हात आधी डोळ्यावर. जन्मभर मी देवाकडे हेच मागत होते, की ह्यांना जरा भीती दे. देवानं दिली, आणि ती मला बघवेना. मी एकटी घाबरत होते तेव्हा घर हलत नव्हतं. आता हेही घाबरायला लागले आणि घराला कुणी धरायलाच उरलं नाही.

एका सकाळी हे म्हणाले, "भंगारवाल्याला बोलवून घे. ती गाडी जाऊ दे."

मी म्हटलं, "सोडा मागवा."

"कशाला?"

"माऱ्याला. दार-टप सोड्यानं. खालचा गंज नंतर हातानं घासू, ब्रशनं."

"मारा करणार कोण?"

"मी. मला दोन आहेत."

ह्यांनी नको नको ते सगळं सांगून बघितलं. सोडा नाकात जातो, नळीला झटका असतो, तुला सवय नाही, तुझं वय काय. मी इतकी वर्षं जी वाक्यं वापरली तीच सगळी, त्याच क्रमानं. मी ऐकून घेतलं आणि यार्डातल्या मिस्त्रीकडून तो टोप मागून आणला, श्वासाच्या नळीसकट.

टोप डोक्यावर चढवला तेव्हा मला कळलं, की मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. आतून आपलाच श्वास मोठा ऐकू येतो. नळी दोन्ही हातांनी धरली, हात अजून पुरते बरे झाले नव्हते. हे लांब फणसाखाली कॉम्प्रेसरपाशी, डोळ्यावर गॉगल लावून, बटणावर हात ठेवून उभे होते. मी मान हलवली. ह्यांनी हवा सोडली.

नळीनं मला एक पाऊल मागे ढकललं. मग सोड्याचा असा ढग उठला की परस नाहीसं झालं. टोपाच्या काचेवर पांढरा थर बसला. समोरचं दार दिसेना, माझा हात दिसेना, नळी कुठे रोखलीय ते नुसत्या आवाजावर. नळी टाकून टोप भिरकावून पळावं असं वाटत होतं.

ढगापलीकडून ह्यांची हाक आली. आवाज चिरका, कापरा, मी कधीच न ऐकलेला. "दिसतंय ना गो तुला?"

"दिसतंय," मी टोपाच्या आतून ओरडले. "सगळं दिसतंय. तुम्ही तिथेच उभे राहा."